सुभेदारांना खड्डा खोदता येत नाही

सुभेदार रुपराव लोणारे यांनी चोवीस वर्षांच्या फौजी नोकरीत किती खड्डे खोदले असतील, याची गणती सरकारनंही ठेवली नसेल. फौजेत त्याला मोर्चा म्हणतात. बर्फात खोदले, वाळूत खोदले, एकदा भर पावसात भातखाचरात खोदले आणि खोदता खोदता गुडघाभर पाण्यात उभे राहिले. पोचल्या ठिकाणी आधी मोर्चा खोदायचा आणि मगच चहाचं नाव काढायचं, हा तिथला रिवाज. त्यामुळे १९७९ च्या फेब्रुवारीत विजेच्या कचेरीचं पत्र आलं आणि त्यात फक्त पाच खड्डे मागितलेले दिसले, तेव्हा रुपराव हसले. त्यानंतर ते दोन महिने हसले नाहीत.

नागपूरबाहेर हुडकेश्वरच्या रस्त्याला त्या काळी मोजकी घरं होती. रुपरावांच्या लेआऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, चौदा. शहर जिथं संपतं तिथून आणखी दोन मैल पुढं आल्यावर हा लेआऊट लागायचा, आणि वीज बिचारी त्या दोन मैलांच्या अलीकडेच थांबली होती. पत्रात लिहिलं होतं की पाच खांब मंजूर झाले आहेत, खांब तयार आहेत, मात्र खड्डे खोदणारा ठेकेदार काम सोडून गेला आहे. सबब रहिवाशांनी श्रमदानानं खड्डे खोदून दिल्यास एकतीस मार्चपर्यंत खांब उभे करण्यात येतील, अन्यथा मंजुरी रद्द समजावी. ठेकेदार का पळाला ते पत्रात नव्हतं, पण लेआऊटमध्ये सगळ्यांना माहीत होतं. वर बोटभर माती आणि खाली मुरूम, तोही असा की सब्बल, म्हणजे पहार, मारली की ठिणगी निघावी. मजूर जागा पाहून परत जायचे.

रुपरावांच्या घरात एक टेबल फॅन होता. रिटायर झाले तेव्हा प्लाटूननं दिलेला, हिरव्या पात्यांचा, पायथ्याशी पितळेची पट्टी आणि पट्टीवर त्यांचं नाव. कौसल्याबाईंनी त्याला क्रोशाचं आवरण विणलं होतं. गेली तीन वर्षं तो पंखा आवरणात होता. सीताबर्डीजवळच्या भाड्याच्या खोलीत वीज होती. तिथून बायकोला या माळावर आणताना रुपराव म्हणाले होते, सहा महिन्यात लाइट येते, माझा शब्द आहे. कौसल्याबाईंनी शब्द ऐकला, चिमणी पेटवली आणि तीन वर्षं तिच्या उजेडात ब्लाउज शिवले. आता सुईत दोरा ओवताना त्या डोळे पुसायच्या.

"तुमच्या प्लाटूननं पंखा देल्ला," त्या म्हणायच्या, "वारा नाही देल्ला."

पत्र आलं त्या दिवशी रुपरावांनी पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चौदा एप्रिलले, जयंतीच्या दिवशी, हा पंखा फिरंल."

"कोनत्या सालच्या?" कौसल्याबाईंनी विचारलं.

हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण पुढं जे झालं ते नुसत्या खड्ड्यांसाठी झालं नाही. त्यात आणखीही एक गोष्ट होती, आणि ती रुपराव कोणाजवळ बोलत नसत. तीस माणसं ज्यांच्या एका शब्दावर उभी राहायची, ते सुभेदार आता सीताबर्डीच्या एका बँकेत गार्ड होते. सकाळी शटर उघडायचं, बंदूक घेऊन स्टुलावर बसायचं, आणि मॅनेजर आतून ओरडला, "रुपराव, चहा सांगा जरा," की बंदूक सांभाळत चहा सांगायला जायचं. तीन वर्षांत त्यांनी एक हुकूम दिला नव्हता आणि कोणी एक ऐकला नव्हता. पाच खड्डे म्हणजे त्यांना पुन्हा प्लाटून मिळाल्यासारखं झालं.

गणपतरावांच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर सभा भरली. चौदा घरांतून अकरा माणसं आली. म्हणजे उत्साह होता. रुपरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि छातीवर मेडल लावायचं की नाही यावर घरी बराच विचार करून ते खिशात ठेवलं होतं. त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की फौजेनं त्यांना तीन गोष्टी शिकवल्या. हुकूम छोटा असावा. हुकूम देणारा सगळ्यात पुढं असावा. आणि हुकूम मिळाल्यावर कोणी काहून, म्हणजे का, म्हणू नये.

पहिल्या दोन गोष्टींना सगळ्यांनी माना हलवल्या. तिसरीपाशी सभा अडकली. नागपुरात दहा पैशाचं जिरं मागितलं तरी दुकानदार काहून म्हणतो. तो भाजीत काय कमी पडलं ते विचारतो, मागं उभा असलेला गिऱ्हाईक जिऱ्याऐवजी ओवा घ्या म्हणतो, आणि जिरं पुडीत पडेपर्यंत तुमच्या घरच्या पोटदुखीची चौकशी झालेली असते.

"काहून म्हनू नये म्हनजे काहून?" गणपतरावांनी विचारलं.

वामनराव सरकारी कचेरीत बडे बाबू होते आणि लेआऊटमध्येही तेच होते. ते चष्मा पुसत म्हणाले, "सुभेदार साहेब, तुमचा मुद्दा रास्त आहे. पण तोंडी आदेशाले आधार काय? उद्या कोनाच्या पायावर सब्बल पडली तर जिम्मेदारी कोनाची? लेखी द्या."

रुपरावांनी त्या रात्री लेखी हुकूम तयार केला. रविवार, सकाळी साडेपाच, दुकानासमोर हजर, सोबत सब्बल, फावडं किंवा घमेलं. पाच ओळींचा. दुसऱ्या दिवशी वामनरावांनी तो लाल शाईनं तपासून परत पाठवला. 'हजर'च्या जागी 'उपस्थित' केलं होतं, परिच्छेदांना आकडे दिले होते आणि खाली शेरा होता: पुनर्विचारार्थ सादर.

चोवीस वर्षांत रुपरावांच्या हुकमाला शत्रूनंही लाल शाई लावली नव्हती. त्यांनी दुकानाला टेकवलेल्या फळीवर खडूनं ड्यूटीचा तक्ता लिहिला, पाच खड्डे आणि पाच टोळ्या, आणि रविवारी साडेपाचला शिट्टी वाजवली.

हजर होते ते एक कुत्रं आणि वामनराव. वामनरावांच्या हातात डबा होता आणि ते माळाकडून परत येत होते.

"अरे वा, सुरू केलं का?" ते म्हणाले. "करा करा. मी आंघोळ करून येतो." त्यांची आंघोळ मंगळवारपर्यंत चालली.

गणपतराव सात वाजता दुकान उघडायला आले. "साहेब, शिट्टी आयकली मी," ते मोठ्या आपुलकीनं म्हणाले. "पण मले वाटलं तुमी स्वतःसाठी वाजवून राहिले." शोभाताई शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांचं बोलणं शाळेतलंच असायचं. त्यांनी कुंपणातून सांगितलं की असं एकदम खोदायला लागण्यापेक्षा आधी एक समिती नेमावी, तिच्यात एक महिला असावी, आणि महिलेला सकाळी साडेपाचला बोलावू नये. बाकी घरांतून निरोप आले. कोणाच्या कमरेत उसण होती, कोणाच्या घरी पाहुणे, आणि एकाच्या घरी पाहुण्याच्या कमरेत उसण होती.

हे एवढ्यावर राहिलं असतं तरी रुपराव एकटे लढले असते. पण तेवढ्यात खुंट्या चालायला लागल्या.

खांब कुठं यायचे ते दाखवायला कचेरीच्या माणसांनी पाच जागी लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या. सोमवारी सकाळी बँकेत जाताना रुपरावांनी पाहिलं तर तीन नंबरची खुंटी, जी गणपतरावांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर होती, ती शोभाताईंच्या फाटकासमोर उभी होती. मंगळवारी ती वामनरावांच्या भिंतीपाशी गेली. बुधवारी नाल्याच्या काठावर होती आणि गुरुवारी पुन्हा दुकानापाशी, पण आता रस्त्याच्या पलीकडे. इतर चार खुंट्यांचंही हेच. सुभेदारांनी जिथं सीमेवर ड्यूटी केली होती, तिथली सीमासुद्धा इतकी हलत नव्हती.

चौकशीत उलगडा झाला. उजेड सगळ्यांना हवा होता, खांब कोणालाच नको होता.

"माह्या दुकानासमोर खांब आला का बैलगाडीवाले त्याले बैल बांधतेत," गणपतराव म्हणाले. "मंग गिऱ्हाईक शेणातून येईन का?"

"खांबावर सिनेमाची पोस्टरं चिकटवतात," शोभाताई म्हणाल्या. "माझ्या खिडकीतून मला ते बघायचं नाही."

वामनरावांना पुढं कधीतरी मोटार घ्यायची होती आणि खांब तिच्या वाटेत येणार होता. त्यांच्याकडे त्या वेळी सायकल होती आणि तिलाही घंटी नव्हती.

रुपरावांनी सगळ्यांना पुन्हा ओट्यावर बोलावलं आणि आवाज चढवला. त्यांचा आवाज मोठा होता. परेडच्या मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. त्यांनी सांगितलं की ज्या देशाच्या माणसांना पाच खुंट्या जागेवर ठेवता येत नाहीत त्या देशासाठी आपण थंडीत कुडकुडलो याचं त्यांना वाईट वाटतं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "साहेबाले बीपी असंल." त्यावर बीपीला काय चांगलं यावर चर्चा सुरू झाली. गणपतरावांनी लसूण सांगितला आणि पाव किलो बांधूनही दिला.

अखेर बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन रुपराव विजेच्या कचेरीत गेले. साहेब फिरतीवर होते, छोटे साहेब बैठकीत होते, आणि ज्याच्याकडे लेआऊटची फाइल होती तो बाबू जेवायला गेला होता. आवारात निंबाच्या सावलीला तारेच्या मोठ्या रिळावर एक माणूस पाय पसरून संत्रं सोलत बसला होता. रुपरावांनी त्याला लगेच ओळखलं. तो शिपाई नत्थू होता.

नत्थू त्यांच्या प्लाटूनमधला सगळ्यात आळशी जवान. उशिरा येणं, बूट न चमकवणं आणि ड्यूटीवर उभ्या उभ्या झोपणं, या तिन्ही कलांत त्याचा हात कोणी धरत नसे. रुपरावांनी त्याला इतक्या वेळा पिट्ठू लावून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या होत्या, की पाठीवर पिट्ठू नसला तर नत्थूला चुकल्यासारखं व्हायचं, असं प्लाटूनमध्ये म्हणत. तोच नत्थू आता लाइनमन होता. खाकी कपडे, कमरेला पक्कड, आणि हाताखाली चार माणसं, जी खरोखर काम करत होती.

"अरे, सुभेदार साहेब," नत्थू म्हणाला. "बसा ना. संत्रं घ्या."

तो उठला नाही. रुपरावांना बाकीचं काही दिसलं नाही, तेवढंच दिसलं. पण गरज होती, म्हणून ते रिळाच्या दुसऱ्या टोकावर बसले, संत्र्याच्या दोन फोडी घेतल्या आणि सगळी हकिकत सांगितली. बोलता बोलता त्यांनी अशी तक्रार केली की ज्या हुकमावर प्लाटून धावायची त्याच हुकमावर एक बडा बाबू आंघोळीला जातो.

नत्थूनं बी थुंकली. "साहेब, रागावू नका. फौजेत आमी तुमचं आयकत होतो, काहून का पळून जाले जागा नव्हती. इथं ज्याचं त्याचं घर आहे. दार लावलं का सुभेदार बाहेर."

तीन वर्षं रुपरावांना ज्या गोष्टीचा पत्ता लागत नव्हता ती नत्थूनं संत्रं खाता खाता सांगितली होती.

"खुंट्यायचं सोडा," नत्थू पुढं म्हणाला. "गल्लीनं, सारख्या अंतरावर, पाच फूट खोल पाच गड्डे पाहिजेत. एकतीस तारखेच्या सकाळी मी गाडी घेऊन येतो. गड्डे असले तर खांब उतरवतो, नसले तर गाडी दुसरीकडं जाते. त्याच्यात माह्या हातात काही नाही."

तेव्हा मार्चची एकोणीस तारीख होती, आणि वीस तारखेला रुपरावांची दुपारपाळी होती.

त्या सकाळी त्यांनी कोणाला बोलावलं नाही. शिट्टी घरातल्या खुंटीला टांगली, सब्बल घेतली आणि स्वतःच्या फाटकाला लागून पहिला खड्डा सुरू केला. बैल बांधा, पोस्टर लावा, काय करायचं ते करा. डोकं इतकं भणभणत होतं की चोवीस वर्षांत जे केलं नाही ते झालं. सब्बल तिरपी पडली, मुरमावरून घसरली आणि त्यांच्या हातातून उडून फाटकावर आदळली.

"हां हां, असं नाही," मागून आवाज आला. वामनराव डबा घेऊन उभे होते. "साहेब, सब्बल अशी धरत नसतेत. इकडं आना."

वामनरावांनी जन्मात पेन्सिलीपलीकडे काही खोदलं नव्हतं. पण दुसऱ्याचं चुकलेलं काम पाहून त्यांना राहवेना. त्यांनी डबा खाली ठेवला, धोतराचा काचा मारला आणि रुपरावांच्या हातातून सब्बल घेतली. "मनगटातून जोर लावाचा. हे पाहा. पुन्हा पाहा." पाहता पाहता त्यांनी सव्वा फूट खोदलं. तेवढ्यात दुकान उघडायला चाललेले गणपतराव थांबले आणि वामनरावांची पद्धत पाहून त्यांनी दुकानाची किल्ली कमरेला खोचली.

"बडे बाबू, मनगटानं फाइल उचलतेत, सब्बल नाही. सरका. माहा बाप विहिरी खोदे." आणि गणपतराव खड्ड्यात उतरले.

रुपराव बाजूच्या दगडावर बसले. त्यांच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी चालल्या होत्या. एक, या दोघांना काडीचं खोदता येत नाही, आणि आपण उठून दाखवावं. दोन, आपण उठलो तर हे दोघं घरी जातील. अख्ख्या नोकरीत त्यांना इतका अवघड निर्णय घ्यावा लागला नव्हता. ते बसून राहिले. नऊ वाजता खड्डा पाच फूट झाला, आणि दोघं घाम पुसत, साहेब, आता ध्यानात आलं ना, असं विचारून कामावर गेले.

या माणसांना हुकूम देऊन चालत नव्हतं, कारण त्यांना ऐकायचं नव्हतं. त्यांना सांगायचं होतं. तर मग सांगू द्यावं, एवढंच रुपरावांनी ठरवलं. पण ते आचरणात आणणं किती जड गेलं हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीच्या मधोमध, जिथून बैलगाडी जाते तिथंच, फावड्याच्या उलट्या बाजूनं माती उकरायला सुरुवात केली. पाच मिनिटांत गणपतराव दुकानातून धावत आले.

"साहेब, इथं रस्त्यात कोनी खोदते का? तुमाले समजते का नाही काही? तिकडं घ्या, तिकडं, माह्या दुकानाच्या कोपऱ्यावर." आणि जागा दाखवायला त्यांनी स्वतः तिथं फावड्यानं चौकोन आखला. तीन नंबरची खुंटी सुरुवातीला होती बरोबर तिथंच.

खबर पसरली की सुभेदाराला खड्डा खोदता येत नाही. लोकांना इतकं बरं वाटलं की विचारू नका. ज्या माणसाच्या शिट्टीनं पहाटे झोपमोड केली, त्याला साधं घमेलं भरता येत नाही. उसण भरलेल्या कमरा सुधारल्या. पाहुणेसुद्धा पाहायला आले आणि पाहता पाहता खोदून गेले. शोभाताई पदर खोचून आल्या, म्हणाल्या, "शाळेच्या बागेत चौथीची मुलंसुद्धा यापेक्षा नीट खोदतात," आणि त्यांच्या खिडकीसमोरचा खड्डा त्यांनी शेजारणींना हाताशी धरून दोन दिवसात पुरा केला. रुपराव काठावर उभे राहून सब्बल उलटी धरत, घमेलं निम्म्यात सांडत, आणि प्रत्येक वेळी आतून एक सुभेदार त्यांना शिव्या देत असे.

एकदा त्यांच्याच्यानं राहवलं नाही. समोर कोणी नाही असं पाहून त्यांनी चौथ्या खड्ड्यात दहा मिनिटं मनासारखं खोदलं. कडा सरळ, तळ सपाट. पाहून त्यांचं मन भरून आलं. मग वामनराव आले आणि म्हणाले, "हे कोनी केलं? एकदम बेकार. पुन्हा करावं लागंल." त्या चौथ्या खड्ड्यावर वामनराव आणि गणपतराव यांची इतकी ईर्षा लागली की दोघांनी मिळून तो साडेसात फूट केला. शेवटी वामनराव आत राहिले आणि वर येता येईना. शिडी येईपर्यंत पाऊण तास ते आतून खड्डा कसा खोदावा यावर बोलत होते, आणि वर बसलेल्या माणसांना आवाज घुमत ऐकू येत होता. नंतर तो अडीच फूट पुन्हा भरावा लागला. तोही त्यांनीच भरला, कारण सुभेदारांना माती दाबता येत नव्हती.

संध्याकाळी घरी आले की रुपराव पाय धुऊन बसायचे. कौसल्याबाई मशीन चालवता चालवता त्यांच्याकडे पाहायच्या. नळावर, दुकानात, सगळीकडे त्यांनाही ऐकावं लागत होतं. एकदा त्या म्हणाल्या, "शोभाताई म्हने, तुमचे मालक फौजेत सयपाकघरात होते का वं?"

"तू काय म्हनलं?"

"काही नाही म्हनलं." त्यांनी दोरा दातानं तोडला. या घराचा पाया रुपरावांनी एकट्यानं खोदला होता, याच मुरमात, एका उन्हाळ्यात. तेव्हा लेआऊटमध्ये दुसरं घर नव्हतं. पाहिलं होतं ते फक्त कौसल्याबाईंनी, डोक्यावरून माती वाहता वाहता.

एकतीस मार्चला सकाळी नत्थू गाडी घेऊन आला. पाच खड्डे पाहून त्यानं डोक्यावरची टोपी मागं सरकवली. खांब उतरले, उभे राहिले, पुढच्या आठवड्यात तारा ओढल्या गेल्या. त्यातही एका खांबाचं तोंड कुठं असावं यावर दोन घरांत अबोला झाला, पण तो आता नेहमीचाच भाग होता. घरांची जोडणी व्हायला तेरा एप्रिल उजाडला. उद्या जयंती.

संध्याकाळी लाइट आली. गल्लीतले पाच दिवे लागले आणि लोक उगाचच रस्त्यावरून फेऱ्या मारू लागले, एकमेकांना नीट दिसतंय का ते पाहायला. कौसल्याबाईंनी पंखा अंगणात आणला. त्यांनी क्रोशाचं आवरण काढलं, घडी घातली आणि पदरात ठेवली. नत्थूनं खिडकीतून वायर काढून दिली. बटण दाबलं. हिरवी पाती आधी कुरकुरली, मग फिरली. पंखा मान डोलावत डावीकडून उजवीकडं सगळ्यांना वारा देऊ लागला आणि कौसल्याबाईंनी कोणाला न दिसेल असे डोळे पुसले. आज दोरा ओवायचा नव्हता.

अशा प्रसंगी भाषण झालं पाहिजे, आणि ते वामनरावांनीच केलं पाहिजे. त्यांनी लेआऊटच्या एकीचा गौरव केला, खड्ड्यांच्या खोलीचा विशेष उल्लेख केला, आणि मग ते रुपरावांकडे वळले. "आपले सुभेदार साहेब देशासाठी लढले. बंदूक चालवनं त्यायले येते. आता प्रत्येकाले सगळंच येईल असं नाही. गड्डा खोदनं हे वेगळं शास्त्र आहे." लोक हसले. वाईट मनानं नव्हे, पण हसले. "तरी पन साहेब रोज आले, चुकले, शिकले, हे मोठं आहे. आता पावसाळ्याआधी आपल्याले गल्लीची नाली खोदाची आहे, दोनशे फूट. मी तर म्हनतो सोमवारीच सुरू करू. आपन सगळे साहेबाले शिकवू."

"हाव, शिकवू, शिकवू," सगळे म्हणाले.

नत्थू फाटकाजवळ दगडावर बसून चहा पीत होता. त्याचा कप अर्ध्यात थांबला. "काय म्हनता? साहेबाले गड्डा खोदता येत नाही?" त्यानं कप खाली ठेवला. "अहो, हे सुभेदार साहेब—"

रुपरावांना त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो. त्यांना वाटलं, बोल. बोल नत्थू, सगळं बोल, बर्फ सांग, वाळू सांग, भातखाचर सांग. समोर बायको बसली होती, जिला नळावर सयपाकघराचं ऐकावं लागलं. आणि तिच्या मागं गल्लीभर, दोनशे फूट, मुरूम होता.

"नत्थू," ते हलक्या आवाजात म्हणाले. "चूप."

नत्थू उठला. दोन्ही टाचा जुळल्या, हात शिवणीला लागले, नजर समोर गेली. "जी साब," तो म्हणाला. तीन वर्षांत सुभेदार रुपराव लोणारे यांनी दिलेला हा पहिला हुकूम, जो कोणी काहून न विचारता ऐकला.

"काय म्हनत होते नत्थूभाऊ?" वामनरावांनी विचारलं.

"काही नाही जी," नत्थू सावधान उभ्यानंच म्हणाला. "म्हनत होतो का फौजेतही त्यायले जमत नव्हतं. त्यायचा मोर्चा मीच खोदून देत होतो."

लोक पोट धरून हसले. हुकमात हे कुठं नव्हतं. नत्थूच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही, पण इतक्या वर्षांच्या पिट्ठूची परतफेड झाल्याचं समाधान त्याच्या डोळ्यांत रुपरावांना स्पष्ट दिसलं. त्यांचे कान तापले. त्यांनी खाली पाहिलं आणि, खरंच बाबा, मला नाही जमत, असं काहीतरी पुटपुटले.

कौसल्याबाई उठल्या. पंख्याच्या पाठीवर एक छोटी खुंटी असते. ती दाबलेली असली की पंखा मान फिरवतो, वर ओढली की एका जागी थांबतो. पंखा वामनरावांवरून, शोभाताईंवरून, गणपतरावांवरून फिरत रुपरावांपाशी आला, तेव्हा त्यांनी ती खुंटी वर ओढली.

"बाई, इकडं वारा येत नाही," गणपतराव म्हणाले.

"हाव," कौसल्याबाई म्हणाल्या आणि नवऱ्याशेजारी जाऊन बसल्या.